वेबसाइट नव्या होस्टवर हलवली आणि मेल बंद पडले. सीपॅनलमध्ये आधी काय बघू?

पडवीतला_झोका
२६ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार. मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

बाबांची देवगडजवळ हापूसची बाग आहे. पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. त्यासाठी अकरा वर्षांपासून स्वतःचं डॉट कॉम डोमेन, छोटी वेबसाइट आणि डोमेनवरचे पाच मेल पत्ते आहेत: ऑर्डर, चौकशी, हिशेब, बाबांचा आणि माझा. साइट फार हळू उघडायची म्हणून गेल्या शनिवारी मामेभावाने ती नव्या होस्टवर (साइट ठेवणाऱ्या कंपनीकडे) हलवली. नेमसर्व्हर बदलले, साइट आता झकास चालते. पण सोमवारपासून एकही मेल आलेला नाही. मला वाटलं, अजून हंगाम लागला नाही म्हणून शांतता असेल. आज ठाण्याच्या एका जुन्या काकांचा फोन आला, "अगं, तुमचा पत्ता बंद केलात का?" त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्यात ५५० हा आकडा आणि पुढे 'नो सच यूझर हिअर'.

जुन्या होस्टचं खातं ९ मार्चला संपतंय. अकरा वर्षांच्या ऑर्डरी, लोकांचे पत्ते, कोणाला कच्चा लागतो आणि कोणाला पिकायला आलेला, इथपर्यंत सगळं त्या मेलमध्ये आहे. दोन्हीकडे सीपॅनल (होस्टिंगचं खातं सांभाळायचं पान) आहे आणि दोन्हीचे पासवर्ड माझ्याकडे आहेत. पण आत गेलं की इतकी चिन्हं दिसतात की हात लावायची भीती वाटते. आधी काय बघू?

कृष्णाकाठ
२६ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पहिली गोष्ट, जुनं खातं मुदतीआधी कोणालाही बंद करू देऊ नका. मामेभावाला आत्ताच फोन करून सांगा.

काय झालंय ते सांगतो. नेमसर्व्हर बदलले की नुसती वेबसाइट हलत नाही, डोमेनच्या सगळ्या नोंदींची वहीच बदलते. जुन्या वहीत एमएक्स नावाची नोंद होती. या डोमेनचं टपाल कुठल्या सर्व्हरवर टाकायचं ते ती सांगते. नव्या सीपॅनलने खातं उघडताना स्वतःची कोरी वही तयार केली आणि एमएक्स स्वतःकडेच वळवला. टपाल आता नव्या दारात येतंय, पण तिथे 'ऑर्डर' नावाची पेटीच नाही. म्हणून तो सर्व्हर 'इथे असं कोणी राहत नाही' म्हणून परत पाठवतोय.

आत्ता झोपायच्या आधी एवढंच करा. नव्या सीपॅनलमध्ये ईमेल अकाउंट्स, तिथे क्रिएट, आणि पाचही पत्ते अक्षरन् अक्षर जुन्यासारखे. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. जुने मेल जुन्या सर्व्हरवर जसेच्या तसे आहेत, ते उद्या बघू.

टिपकागद
२६ फेब्रुवारी, रात्री १०:४४

मी असतो तर उलट केलं असतं. नवे पत्ते उघडले की प्रत्येकाच्या फोनमध्ये नवा पासवर्ड आलाच, आणि जुने मेल तिकडे, नवे इकडे. त्यापेक्षा नव्या सीपॅनलच्या झोन एडिटरमध्ये (तीच नोंदींची वही) एमएक्स जुन्या सर्व्हरकडे वळवा आणि आठवडाभरात शांतपणे हलवा.

कृष्णाकाठ
२६ फेब्रुवारी, रात्री १०:५२

@टिपकागद, एरवी मीही तेच सांगितलं असतं. पण त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. एमएक्समध्ये आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, चालत नाही, नावच लागतं. म्हणजे आधी 'मेल' नावाची ए नोंद (नाव कुठल्या आयपीचं ते सांगणारी) जुन्या आयपीवर करायची, मग एमएक्स त्या नावाकडे वळवायचा. दुसरं, नव्या सीपॅनलचं ईमेल राउटिंग 'रिमोट' करायला हवं, नाहीतर वेबसाइटच्या फॉर्मचे मेल जागच्या जागी अडकतात. तिसरं, एसपीएफमध्ये, म्हणजे या डोमेनचे मेल कोण पाठवू शकतं त्या नोंदीत, जुना सर्व्हरही घालावा लागतो. एवढं करून ९ तारखेला पुन्हा उलटं फिरवायचं. यांच्या हातात अकरा दिवस आहेत. एकदाच हलवावं.

पडवीतला_झोका
२६ फेब्रुवारी, रात्री ११:२०

पाचही पत्ते केले. जीमेलवरून चाचणीचा मेल पाठवला आणि तो आला! खरंच मनापासून आभार, रात्री झोप लागेल.

पण मधल्या चार दिवसांत जे परत गेले त्यांचं काय? ते मिळतील का?

कृष्णाकाठ
२७ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

५५० ने परत गेलेले मेल मिळत नाहीत. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे कायमचा नकार. तो मिळाला की पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही. नवा सर्व्हर नुसता बंद असता तर उलट बरं होतं, कारण तात्पुरती अडचण असेल तर बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावतात.

तरी दोन गोष्टी करा.

एक, जुन्या सर्व्हरचं वेबमेल उघडून बघा. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची जुनी नोंद जगभरच्या सर्व्हरांच्या स्मरणात ४८ तासांपर्यंत राहते. म्हणजे शनिवार ते सोमवार काही टपाल जुन्या दारातच पडलं असणार. डोमेनच्या नावाने गेलात तर नव्या ठिकाणी पोचाल, म्हणून जुन्या होस्टच्या स्वागताच्या मेलमध्ये सर्व्हरचं जे स्वतःचं नाव असतं ते टाका आणि पुढे पोर्ट २०९६. सीपॅनलसाठी २०८३.

दोन, नव्या होस्टच्या सपोर्टला लिहा की 'अमुक डोमेनसाठी शनिवारपासून नाकारलेल्या मेलची यादी एक्झिमच्या लॉगमधून द्या.' एक्झिम म्हणजे सीपॅनलखाली टपाल वाहणारा प्रोग्रॅम. नाकारलेल्या मेलचा मजकूर त्याच्याकडे नसतो, पण कोणी पाठवला आणि कधी, ते लिहिलेलं असतं. पत्ते मिळाले की एकेकाला लिहिता येईल. स्वतःला बघायचं तर सीपॅनलमधलं ट्रॅक डिलिव्हरी उघडा. पण सपोर्टची यादी जास्त पूर्ण असते.

वडाची_पारंबी
२७ फेब्रुवारी, सकाळी ८:१८

पाचच पत्ते होते ही खात्री आहे का? फॉरवर्डर्स (आलेला मेल नुसता दुसरीकडे पाठवणारे पत्ते) मोजले का? आमच्याकडे 'माहिती' नावाचा पत्ता खातं म्हणून नव्हताच, नुसता फॉरवर्डर होता आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर तोच छापलेला. हलवताना सगळे विसरले.

तोवर डिफॉल्ट ॲड्रेसमध्ये जाऊन 'न सापडलेल्या पत्त्यांचे मेल' तुमच्या पत्त्याकडे वळवून ठेवा.

चकली
२७ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

त्याला माझा विरोध. सगळं झेलणारा पत्ता ठेवला की अंदाजपंचे पत्ते जुळवून पाठवलेला सगळा कचरा येतो. आमच्या दुकानाच्या डोमेनवर दोन दिवसांत इनबॉक्स नकोसा झाला होता.

वडाची_पारंबी
२७ फेब्रुवारी, सकाळी ८:४७

कायमचा नाहीच. आठवडाभर ठेवायचा, कुठले पत्ते निसटलेत ते टिपायचं, आणि मग परत 'नकार' करायचा. निसटलेला मेल मिळाला तर थोडा कचरा सोसेन मी.

सायंप्रकाश
२७ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मंडळी, मूळ मुद्दा राहून जातोय. मेल होस्टिंगवर ठेवायचंच कशाला? वेबसाइट एकीकडे आणि मेल दुसरीकडे, गूगल वर्कस्पेस नाहीतर झोहो. मग होस्ट कितीही वेळा बदला, मेलला धक्का लागत नाही. सीपॅनलच्या मेलमध्ये एका सर्व्हरवर तुमच्याबरोबर आणखी कित्येक डोमेन असतात. त्यातल्या एकाने फालतू मेलचा मारा केला की आयपी काळ्या यादीत जातो आणि तुमचं कोटेशनही स्पॅममध्ये पडतं. हे मी तीन वर्षं भोगलंय.

नारळीभात
२७ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

बरोबर आहे, पण पैसेही बघा. तिथे दर पत्त्यामागे दर महिन्याला आकार आहे. आमच्या पतसंस्थेत चौदा पत्ते आहेत, त्यातले नऊ असे की दिवसाला दोन मेल आले तर खूप. होस्टिंगच्या वर्षाच्या पैशांत ते सगळे बसतात. साचवून ठेवायचं महत्त्वाचं टपाल असेल तिथे पैसे टाका, बाकी सीपॅनलवर राहू दे. एकाच डोमेनचे अर्धे पत्ते इकडे आणि अर्धे तिकडे मात्र करू नका. ते करता येतं, पण सांभाळणाऱ्याचा जीव जातो.

ऱ्हाइनकाठी
२७ फेब्रुवारी, रात्री ८:५५

@सायंप्रकाश, 'मेलला धक्का लागत नाही' यावर माझा अनुभव सांगते.

इथे जर्मनीत आमच्या महाराष्ट्र मंडळाचे मेल आम्ही गूगलकडे नेले. एमएक्स नीट बदलले, सगळ्यांचे मेल येत होते, आम्ही खूश. सहा आठवड्यांनी एक ताई भेटल्या आणि म्हणाल्या, "गणपतीला नाव नोंदवलं, पैसे भरले, तुमच्याकडून पोच नाही." वेबसाइटच्या नोंदणी फॉर्मचे सगळे मेल गायब होते. सीपॅनलमधलं ईमेल राउटिंग 'लोकल' वर राहिलं होतं. त्यामुळे वेबसाइटवरून निघालेला मेल सर्व्हरला वाटायचा आपल्याच घरचा. तो बाहेर एमएक्स विचारायलाच जायचा नाही आणि जुन्या, कोणी न उघडणाऱ्या पेटीत टाकायचा. ती पेटी उघडली तेव्हा त्रेसष्ट नोंदण्या निघाल्या. दोन दिवस बसून प्रत्येकाला फोन केले.

वर कृष्णाकाठ यांनी 'रिमोट' म्हटलं ते हेच. एक खूण केली की काम होतं, पण ती कोणी केली नाही तर कुठेही लाल दिवा लागत नाही.

कृष्णाकाठ
२७ फेब्रुवारी, रात्री ९:२०

अगदी हेच. म्हणून हलवल्यावर चाचणी तीन बाजूंनी करायची: बाहेरून आत, आतून बाहेर, आणि वेबसाइटच्या फॉर्मवरून आत. तिसरी कोणी करत नाही.

पडवीतला_झोका
२८ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

सगळ्यांचं वाचतेय, वहीत उतरवून घेतेय. वडाची_पारंबी, तुमचं खरं निघालं. 'आंबा' या पत्त्याचा फॉरवर्डर होता, बाबांच्या पेट्यांवरच्या स्टिकरवर छापलेला! तो केला.

जुन्या वेबमेलमध्ये शनिवार-रविवारचे नऊ मेल सापडले. सपोर्टला यादी मागितली आहे.

नवी अडचण. आम्ही जीमेलला पाठवलेलं आता स्पॅममध्ये जातंय. काल तीन जणांनी सांगितलं. आधी असं होत नव्हतं.

कृष्णाकाठ
२८ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा, तो उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांत 'मूळ दाखवा' आहे. वर एक छोटं कोष्टक येतं. एसपीएफ, डीकिम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) यांच्यापुढे काय लिहिलंय ते इथे लिहा.

पडवीतला_झोका
२८ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

एसपीएफ: पर्मएरर. डीकिमची ओळच नाही. डीमार्कचीही नाही.

कृष्णाकाठ
२८ फेब्रुवारी, सकाळी १०:४८

पर्मएरर म्हणजे नोंदच चुकीची आहे, म्हणून माझा अंदाज, तुमच्या झोनमध्ये एसपीएफच्या दोन ओळी आहेत. भावाने जुनी ओळ काळजीपूर्वक उतरवून आणली असेल आणि नव्या सीपॅनलने स्वतःची आधीच घातलेली. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असावी लागते. दोन असल्या की तपासणारा दोन्ही टाकून देतो. झोन एडिटरमध्ये टीएक्सटी नोंदी बघा, 'व्ही इज इक्वल टू एसपीएफ१' ने सुरू होणाऱ्या. नव्या सर्व्हरची ठेवा, जुनी काढा. पुढेमागे बिलं पाठवणारी एखादी सेवा जोडलीत तर तिचा 'इन्क्लूड' याच ओळीत घाला, नवी ओळ करू नका. एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० वेळाच बाहेर विचारता येतं, तेव्हा इन्क्लूडची गर्दीही नको.

मग ईमेल डिलिव्हरेबिलिटी उघडा. तिथे डोमेनसमोर लाल-पिवळं काही असेल तर 'रिपेअर' दाबा. नेमसर्व्हर त्याच होस्टचे असल्याने डीकिमची किल्ली सीपॅनल स्वतःच झोनमध्ये टाकेल. पीटीआरची (आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदीची) तक्रार दिसली तर ते तुमच्या हातातलं नाही, होस्टला सांगायचं.

डीमार्क आधी नुसतं 'पी इज इक्वल टू नन' ठेवा. त्याने काही अडत नाही, आणि त्यात अहवालाचा पत्ता दिला तर अहवाल येतात. महिनाभर अहवाल स्वच्छ आले की 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये).

टिपकागद
२८ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

यात भर. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे सक्तीचं केलंय. साध्या पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी हवंच. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर पाठवत असाल तर दोन्ही, शिवाय डीमार्क आणि एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय. आंबेवाल्यांना ५,००० चा प्रश्न येत नसला तरी तिन्ही करून टाकावं.

ऱ्हाइनकाठी
२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

मंडळांनीही वाचावं हे. आम्ही नऊशे सभासदांना एका दमात सीपॅनलच्या पेटीतून संक्रांतीचं आमंत्रण पाठवलं आणि होस्टची ताशी मर्यादा लागून पाचशे जणांपर्यंत पोचलंच नाही. असं टपाल यादी पाठवणाऱ्या वेगळ्या सेवेतून जावं.

शाईपेन
१ मार्च, सकाळी ७:५०

मला एक वेगळंच विचारायचंय ताई: डोमेन कोणाच्या नावावर आहे?

आमच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट एका होतकरू मुलाने विनामूल्य करून दिली होती. डोमेन त्याने स्वतःच्या मेल पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने घेतलं. मनात काही वाईट नव्हतं. पुढे तो परदेशी गेला, तो मेल वापरेनासा झाला, नूतनीकरणाच्या सगळ्या सूचना तिकडेच जात राहिल्या. एके दिवशी साइट गेली. आम्ही होस्टिंगची पावती हातात धरून बसलेलो, की पैसे तर भरलेत! होस्टिंगचे भरले होते, डोमेनचे नाही. सुदैवाने मुदत संपल्यानंतरच्या सवलतीच्या काळात त्याचा पत्ता लागला आणि जास्तीचे पैसे भरून डोमेन परत मिळालं. नाहीतर शतकभराच्या वाचनालयाच्या नावावर कोणी काय विकलं असतं कोण जाणे.

शेतजमिनीचा सातबारा बघतो तसं दर वर्षी रजिस्ट्रारच्या (डोमेन जिच्याकडून घेतलं त्या कंपनीच्या) खात्यात शिरून बघावं की नाव कोणाचं, मेल कुठला, मुदत कधीपर्यंत. आणि तो मेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की तोही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे?

पडवीतला_झोका
१ मार्च, सकाळी ९:१५

बघितलं. नाव बाबांचं आहे, पण मेल... 'माझा' डोमेनवरचाच होता. म्हणजे परवा नेमसर्व्हर चुकीचे पडले असते तर मी बाहेरच अडकले असते. आत्ता जीमेलचा टाकला, दोन टप्प्यांची खातरजमाही चालू केली.

नारळीभात
१ मार्च, सकाळी १०:३०

शाईपेन, तुमच्या वाचनालयाच्या साइटवर पुस्तकांची यादी मराठीतच ना? हलवताना अक्षरं नीट आली का? आमच्या संस्थेच्या सूचनांची सगळी प्रश्नचिन्हं झाली होती.

शाईपेन
१ मार्च, दुपारी १:२०

झाली होती ना! आणि त्यात दोन प्रकार असतात हे तेव्हा कळलं.

पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस बघायच्या साधनात) तक्ता उघडल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर ती अक्षरं खरंच गेली. देवनागरी न झेपणाऱ्या जुन्या लॅटिन संचात लिहिताना डेटाबेसने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. जुनी प्रत शोधण्याशिवाय उपाय नाही. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेलं लॅटिन ए, त्यापुढे चलनाच्या खुणेसारखं बारीक गोल चिन्ह, पुन्हा तेच, पुन्हा तेच, अशी ओळ दिसली तर घाबरू नका. मराठी शाबूत असते. यूटीएफ-८ या अक्षरसंचात आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि वाचणारा त्या तीन बाइटना तीन वेगळी अक्षरं समजतोय, एवढंच. आमच्या सव्वापाच हजार पुस्तकांची नावं दुसऱ्या प्रकारातली होती. आयात करताना फाइलचा अक्षरसंच यूटीएफ-८ निवडला, तक्ते यूटीएफ-८-एमबी४ केले, आणि 'अ' पासून सगळी यादी पडद्यावर आली तेव्हा आमच्या ग्रंथपाल बाईंनी टाळ्या वाजवल्या.

चकली
१ मार्च, दुपारी २:०५

मराठीचा विषय निघालाच आहे तर, डॉट भारत हे देवनागरी डोमेन कोणी घेतलंय का? २०१४ पासून मिळतं. घेऊन ठेवावं असं फार वाटतं.

टिपकागद
१ मार्च, दुपारी ३:४०

मी घेतलंय, साइटसाठी छान चालतं. फक्त सीपॅनलमध्ये ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात टाकावं लागतं. मेलचं अजून अवघड आहे. जीमेल अशा पत्त्यांशी व्यवहार करतं, पण बँकांचे आणि दुकानांचे फॉर्म पत्ता चुकीचा म्हणून नाकारतात. आपल्या लिपीतला पत्ता आपल्याच देशातल्या फॉर्मला चालू नये याचं वाईट वाटतं. तेव्हा साइटला देवनागरी आणि मेलला जुनंच ठेवा.

मांडवीचा_वारा
२ मार्च, रात्री ९:१०

मी पणजीहून. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, कारण यात पैशाचा प्रश्न आहे.

आमचं छोटं होमस्टे आहे. मागच्या डिसेंबरात एका पाहुण्याने आगाऊ रक्कम भरली म्हणून पावती पाठवली. खातं आमचं नव्हतं. त्याला आमच्याच पत्त्यावरून, आमच्याच सहीने, 'बँक बदलली आहे' असा मेल गेला होता. पासवर्ड कुठून तरी फुटला होता. आम्ही लगेच बदलला आणि वाटलं सुटलो. आठवड्याने दुसऱ्या पाहुण्याला तसाच मेल!

मग एका ओळखीच्या मुलाने सीपॅनल उघडून ईमेल फिल्टर्स दाखवले. तिथे एक फिल्टर होता, नाव म्हणून नुसतं एक टिंब. ज्या मेलमध्ये 'पेमेंट' किंवा 'बँक' असेल त्याची प्रत बाहेरच्या एका पत्त्याला, आणि मूळ मेल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये. पासवर्ड बदलला तरी फिल्टर जागचा हलत नाही. तो आमचे मेल आमच्याआधी वाचत होता.

म्हणून हात जोडून सांगतो, संशय आला की पासवर्डबरोबर या जागा बघा: प्रत्येक पत्त्याचे फिल्टर, ग्लोबल फिल्टर, फॉरवर्डर्स, आणि सीपॅनलचा स्वतःचा पासवर्ड. फसवणूक झाली असेल तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आम्ही दुसऱ्या वेळी लगेच केला, त्या पाहुण्याची रक्कम पुढे जाण्याआधी अडली. पहिल्याचे पैसे आम्ही आमच्या खिशातून दिले. आमच्या नावावर विश्वास ठेवूनच त्याने पाठवले होते ना.

वडाची_पारंबी
२ मार्च, रात्री ९:४५

हे वाचून लगेच आमचे फिल्टर तपासले. काही नाही निघालं, पण काळजात धस्स झालं होतं. मांडवीचा_वारा, पाहुण्याचे पैसे दिलेत ते फार मोठं केलंत.

पडवीतला_झोका
४ मार्च, रात्री १०:३०

आता जुने मेल हलवायला बसलेय आणि मोठा धक्का बसलाय. 'हिशेब' ची पेटी जुन्या सर्व्हरवर जवळजवळ रिकामी आहे! बाकी चार भरलेल्या आहेत. हिशेब काका बघतात, ते देवगडच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक वापरतात. ते म्हणतात, "माझ्याकडे तर सगळे दिसतात."

कृष्णाकाठ
४ मार्च, रात्री १०:४१

काकांचं आउटलुक पॉप३ वर (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्या पद्धतीवर) आहे. पोर्ट ९९५ किंवा ११० दिसेल. त्यात 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर मेल उतरवून घेतला की सर्व्हरवरून पुसला जातो. अकरा वर्षांचा हिशेब आज त्या एका कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहे. आधी ते आउटलुक बंद करा, त्याची मेल साठवलेली पीएसटी फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती होईपर्यंत काकांना दुसरं काहीही करू देऊ नका. मग त्याच आउटलुकमध्ये नवं खातं आयमॅपने (यात मेल सर्व्हरवरच राहतात) जोडा, पोर्ट ९९३, आणि जुन्या फोल्डरमधले मेल नव्यात ओढून टाका. वर्षावर्षाचे तुकडे करून, आणि 'हलवा' नाही, 'प्रत'. ओढताना मध्येच नेट गेलं तर हलवलेलं अर्धवट लटकतं.

बाकीच्या चार पेट्यांना थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही खाती शेजारी जोडून तेच करा. जुन्याला सर्व्हरचं स्वतःचं नाव द्यायला विसरू नका.

टिपकागद
४ मार्च, रात्री ११:००

नव्या होस्टने जुन्याचा पूर्ण बॅकअप घेऊन आख्खं खातं उतरवलं असतं तर साइट, मेल, फॉरवर्डर, पेट्यांचे पासवर्डसुद्धा सगळं एकदम आलं असतं. दोन्हीकडे सीपॅनल असण्याचा तोच फायदा. आता नव्यावर काम झालंय, वरून उतरवलं तर ते पुसेल, तेव्हा आता नको. पण पुढे कोणी हलवणार असेल तर पहिल्याच दिवशी होस्टला हे विचारा. हा पूर्ण बॅकअप तुम्ही स्वतः सीपॅनलमधून घेऊ शकता, परत चढवायला मात्र होस्टच लागतो.

पडवीतला_झोका
८ मार्च, दुपारी ४:५०

झालं!

दोन रात्री काका आणि मी फोनवर होतो. त्यांनी २०१४ चं फोल्डर ओढायला घेतलं आणि लाइट गेली, तेव्हा दोघांचाही श्वास अडकला. प्रत होती म्हणून वाचलो. पाचही पेट्यांचे आकडे फोल्डरवार जुळवले. हिशेब आता आयमॅपवर आहे, काकांच्या फोनवरही दिसतो. एसपीएफ आणि डीकिम दोन्ही पास, डीमार्क घातलं, जीमेलमध्ये इनबॉक्सलाच जातंय. वेबसाइटच्या फॉर्मवरून चाचणी केली, आली. फिल्टर तपासले, स्वच्छ. जुन्या खात्याचा पूर्ण बॅकअप उतरवून घेतला.

सपोर्टने नाकारलेल्या मेलची यादी दिली. फालतू वगळून एकवीस पत्ते होते. प्रत्येकाला मी स्वतः लिहिलं की चूक आमची होती, पुन्हा पाठवाल का. सतरा जणांचं उत्तर आलं. त्यात नाशिकच्या एक आजी आहेत, दर वर्षी पहिली पेटी त्यांची असते. त्यांनी लिहिलं होतं, "मला वाटलं बाग विकलीत." बाबांना तो मेल वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत, उठून पेट्यांच्या वहीत पहिल्या ओळीवर त्यांचं नाव लिहून आले.

उरलेल्या चौघांचे फोन नंबर जुन्या ऑर्डरींत शोधतेय.

नारळीभात
८ मार्च, संध्याकाळी ५:२०

वा! कृष्णाकाठ यांची एक पेटी नक्की झाली बघा.

कृष्णाकाठ
८ मार्च, संध्याकाळी ६:०२

पेटी मी विकतच घेणार, ऑर्डरच्या पत्त्यावर मेल टाकलाय, पोचला का सांगा. आणि ताई, उद्या रात्री जुनं खातं संपेल. काकांच्या आउटलुकमध्ये जुनं पॉपचं खातं अजून जोडलेलं असेल, ते काढून टाका, नाहीतर दर पाच मिनिटांनी पासवर्ड विचारत राहील.

पडवीतला_झोका
८ मार्च, संध्याकाळी ६:१५

पोचला, ६:०१ ला. काकांना फोन लावतेय.